कारखान्याचा गळ आणि गिऱ्हाईकाची पक्कड

नवा माल दुकानातून घरी आणायचा, पाकीट फोडायचे आणि वापरण्यापूर्वीच त्याचा एक भाग काढून फेकून द्यायचा. मग त्या जागी पदरचे पैसे खर्चून दुसऱ्याच कंपनीचा भाग बसवायचा. असे गिऱ्हाईक आपल्या दुकानात आले तर आपण काय म्हणू? एक तर त्याला वेडा म्हणू, नाहीतर माल बनवणाऱ्याला नावे ठेवू. अमेरिकेत बास मासा पकडणारे हौशी लोक कित्येक वर्षे नेमके हेच करीत आले आहेत, आणि ते वेडे नाहीत. त्यांच्या या सवयीवर जपान, नॉर्वे आणि फ्रान्समधल्या गळ बनवणाऱ्या कंपन्यांचा चांगला धंदा चालतो.

तार, लोखंड आणि मुलाम्याचे काम करणारे आमचे वाचक थोडेथोडके नाहीत. हार्डवेअरची दुकाने चालवणारेही आहेत. माशाच्या गळाची ही हकिगत त्यांच्यासाठी. मासेमारीशी ज्यांचा काही संबंध नाही, त्यांनाही यात आपल्या कामातले पुष्कळ ओळखीचे भेटेल.

बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तोंड मोठे, स्वभाव तापट. लार्जमाउथ म्हणजे मोठ्या तोंडाचा आणि स्मॉलमाउथ म्हणजे लहान तोंडाचा, या त्याच्या दोन मुख्य जाती. त्याला पकडण्यासाठी लाकडाचा किंवा प्लास्टिकचा रंगीत खोटा मासा वापरतात. त्याला लुअर म्हणतात. लुअरच्या पोटाला आणि शेपटीला एकेक गळ लोंबत असतो. हा गळ एका टोकाचा नसतो. होडीच्या लहानशा नांगरासारखी तीन टोके एकाच दांडीला जोडलेली असतात. किल्ल्या अडकवण्याच्या रिंगसारखी एक बारीक दुपदरी कडी त्याला लुअरशी जोडते. कडी उघडली की गळ बाहेर. म्हणजे बदलाची सोय कारखान्यानेच ठेवलेली आहे.

खेळाला धंद्याचे रूप आले ते 1967 सालापासून. त्या वर्षी रे स्कॉट नावाच्या अलाबामातील विमा विक्रेत्याने आर्कान्सासमधील बीव्हर लेक या तलावावर बासची मोठी स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याने या शौकिनांची संघटना उभी केली. 1971 साली तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्याला 10 हजार डॉलर मिळाले. 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा हँक चेरी याने जिंकली, आणि दोन्ही वेळा पहिले बक्षीस 3 लाख डॉलरचे होते. स्पर्धेत दिवसाला फक्त पाच मासे वजनाला लावता येतात. पकडलेला मासा होडीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून नंतर परत सोडायचा असतो. मेलेल्या माशामागे वजन कापले जाते. आता विचार करा. चार तासांच्या मेहनतीनंतर एक मोठा बास गळाला लागला, होडीपर्यंत आला, शेवटची उडी मारून त्याने मान झटकली आणि गळ सुटला. किती पैसे पाण्यात गेले? स्पर्धक हरतो तो बहुतेक वेळा न लागलेल्या माशामुळे नाही, लागून सुटलेल्या माशामुळे. म्हणून सगळ्यांची नजर त्या दीड इंचाच्या तारेच्या तुकड्यावर.

कारखान्याची बाजू

मग कारखानाच चांगला गळ का लावत नाही? याचे सोपे उत्तर म्हणजे पैसा. दुकानात टांगलेल्या पाकिटात गिऱ्हाईकाला दिसतो तो रंग, डोळा, खवल्यांची चमक. गळाचे टोक किती धारदार आहे हे पाकिटावरून कळत नाही. जिथे गिऱ्हाईकाची नजर जात नाही तिथे मालक हात आखडतो, ही रीत सगळीकडची आहे. चामड्याच्या पिशवीला साधी चेन आणि शेरवानीला हलके बटण लावताना हाच हिशेब होत असतो.

पण कारखान्यावर सगळा दोष टाकणे रास्त होणार नाही. त्याला दुसरी खरी अडचण आहे. एकच लुअर कोणी बारीक तंगुसावर वापरतो, कोणी जाड विणलेल्या दोऱ्यावर. कोणाची काठी लवचिक असते, कोणाची ताठ. बारीक तारेचा गळ हलक्या झटक्यातही माशाच्या तोंडात शिरतो, पण ताठ काठीने आणि न ताणणाऱ्या दोऱ्याने ओढला तर उघडा पडतो. जाड तारेचा गळ उघडत नाही, पण लवचिक काठीने त्याला आत शिरवण्याइतका जोर पोहोचत नाही. कारखान्याला हे सगळे गिऱ्हाईक एकाच गळात बसवायचे असतात. तो मधला माप घालतो. तयार कपड्याच्या दुकानातला सदरा कोणालाच अगदी बेताचा बसत नाही, तसे हे. पुढचे काम शिंप्याचे. इथे शिंपी स्वतः गिऱ्हाईकच असतो आणि त्याच्या हातात पक्कड असते.

या पक्कडीच्या जोरावर बाजार कसा हलला हेही पाहण्यासारखे आहे. केव्हिन व्हॅनडॅम या मिशिगनच्या स्पर्धकाने 2001, 2005, 2010 आणि 2011 अशी चार वेळा ती अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीने त्याच्या नावाचा तीन टोकांचा गळ बाजारात आणला. त्याची दांडी आखूड होती. दांडी आखूड असल्याने लुअरवर एक माप मोठा गळ बसवला तरी पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकत नाहीत. नंतर लुअरच्या पाकिटावरच आत कोणत्या कंपनीचे गळ आहेत हे छापण्याची पद्धत पडली. जो भाग पूर्वी लपवायचा, तोच आता जाहिरातीत आला.

मागांच्या गावातला गळ

चांगल्या गळाचे नाव निघाले की शौकिनांच्या तोंडी जपानची दोन नावे येतात: गामाकात्सू आणि ओनर. या दोन्ही कंपन्या ह्योगो प्रांतातल्या निशिवाकी या एकाच गावच्या. गामाकात्सू 1955 साली सुरू झाली. या भागाला जुन्या काळी बान्शू म्हणत, आणि बान्शूचा गळ हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हुन्नर आहे. एकोणिसाव्या शतकात शेतकरी कुटुंबे शेतीचे काम नसेल तेव्हा घरात बसून तारेपासून गळ वळत. आज जपानमध्ये बनणाऱ्या गळांपैकी बहुतांश गळ याच प्रांतातून येतात.

आमच्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. निशिवाकी हे मूळचे विणकरांचे गाव. आधी सूत रंगवून मग विणलेले तिथले सुती कापड प्रसिद्ध आहे. एका घरात माग आणि शेजारच्या घरात गळ, असा हा गाव. यंत्रे आली, परदेशाचा स्वस्त माल आला, पण गळाच्या धंद्याने टिकाव धरला तो धारेच्या जोरावर.

ती धार कशी येते? पोलादाची तार कापतात, टोक घासून काढतात, टोकाच्या मागे उलटा काटा उचलतात, वाकवतात, दोरा ओवण्याचा डोळा वळवतात. तीन टोकांच्या गळात तिसरा काटा दांडीला झाळून जोडावा लागतो. मग तापवून पाणी द्यायचे. पाणी कमी पडले तर गळ उघडतो, जास्त पडले तर काचेसारखा तुटतो. सुऱ्या आणि कातऱ्या करणाऱ्या बंधूंना हे आम्ही काय शिकवावे! जुन्या पद्धतीत यानंतर जाड मुलामा चढे आणि टोक पुन्हा बोथट होई. जपानी कारागिरांनी टोकाला तेजाबाच्या द्रावणात घालून घासण्याचे बारीक ओरखडे विरघळवण्याची रीत बसवली. त्यामुळे टोक सुईसारखे गुळगुळीत होते. यातही धोका आहे. तेजाबातून आणि मुलाम्याच्या टाकीतून गेलेले कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होते. ते वेळेत भट्टीत शेकून काढले नाही तर चांगला दिसणारा गळ पहिल्याच झटक्यात तुटतो. मुलाम्याचा धंदा करणाऱ्यांनी ही तक्रार स्प्रिंग आणि बोल्टच्या बाबतीत ऐकलेली असेल.

धार तपासण्याची शौकिनांची पद्धत सोपी आहे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढायचे. रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. बोथट झालेला साधा गळ बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोन-तीन हात मारून पुन्हा वापरता येतो. तेजाबाने धार दिलेल्या गळाला मात्र कानस लावू नये. मुलामा निघतो, गंज धरतो आणि मूळची धार परत येत नाही. तो बदलायचा. धंद्याच्या नजरेने पाहिले तर यातच मेख आहे: कानशीने नीट होणारा गळ वर्षभर चालतो, बदलावा लागणारा गळ हंगामात चार वेळा विकला जातो.

एका माशासाठी किती खटपट

गळाच्या मापाचे आकडे नवख्याला चकवतात. आकडा वाढेल तसा गळ लहान होतो. 6 पेक्षा 4 मोठा, 4 पेक्षा 2 मोठा. 1 च्या पुढे आकड्याला शून्य जोडतात आणि गाडी उलट्या दिशेने चालू लागते. 1/0 पेक्षा 2/0 मोठा. तारेचा गेज माहीत असणाऱ्याला पहिला अर्धा भाग लगेच समजेल.

पहिला बदल मापाचा. लुअर त्याच्या पोटाला शोभेल त्यापेक्षा एक माप मोठा गळ लावला तर टोक आणि दांडीमधले अंतर वाढते, जास्त मांस पकडले जाते. पण गळ वजनदार झाला की लुअरची चाल बदलते. डोलणारा खोटा मासा जड पायाने चालू लागतो. दोन गळ एकमेकांत अडकणार नाहीत, हे आधी हाताने धरून पाहायचे. जाणकार एका वेळी एकच गळ बदलतात आणि बादलीत किंवा टबात सोडून बघतात.

पाण्यात सोडून पाहण्याचे कारण वजनाचे आहे. काही लुअर असे बनवतात की ओढणे थांबवले की ते ना वर येतात ना खाली जातात, पाण्यात जागच्या जागी थांबतात. थंडीत सुस्तावलेला बास अशाच थांबलेल्या आमिषावर तोंड टाकतो. पण पाणी थंड झाले की त्याची घनता वाढते. 4 अंश सेल्सिअसला ते सर्वांत जड असते. घराच्या कोमट पाण्यात तंतोतंत थांबणारा लुअर हिवाळ्याच्या तलावात हळूहळू वर येऊ लागतो. मग जाड तारेचा गळ लावून एखाद्या ग्रॅमचा फरक भरून काढतात. सोनाराच्या काट्याचे काम म्हणावे ते हेच. टबात तपासायचे तर तलावाइतकेच थंड पाणी घ्यावे, एवढी खबरदारी हवी.

दुसरी गोष्ट कडीची. वजनदार, घट्ट जोडलेल्या लुअरला बास आपल्या विरुद्धचा हात बनवतो. उडी मारून मान झटकली की लुअरचे वजन तरफेसारखे गळावर पडते आणि गळ निसटतो. गळाच्या आधी आणखी एक कडी घातली की गळ सर्व बाजूंना मोकळा फिरतो, झटका लुअरवर जातो आणि गळ जागेवर राहतो. कामाला लागतात दोन आण्यांच्या कड्या आणि त्या उघडण्यासाठी टोकाला दात असलेली खास पक्कड. नखाने उघडू पाहणाऱ्याचे नख जाते.

बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमधून लुअर ओढताना पुढचे टोक आधी अडकते. काही जण तीन टोकांपैकी पुढे जाणारे एक टोक कटरने छाटून टाकतात. एक टोक कमी, पण लुअर परत येतो. किमती लुअर झाडाला अडकून गमावण्यापेक्षा हे बरे. पाण्यावरच्या शेवाळावरून ओढण्याच्या बेडकाच्या आकाराच्या लुअरला मात्र दोन टोकांचा गळ अंगाला चिकटून असतो. तिथे पक्कडीने दोन्ही टोके अगदी थोडी बाहेर वळवतात. थोडीच. जास्त वाकवले की पाणी दिलेले पोलाद कमजोर होते आणि टोक शेवाळात अडकू लागते.

सर्वांत सुबक काम शेपटीच्या गळाचे. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या लुअरवर बास मागून झडप घालतो आणि पुष्कळदा चुकतो. म्हणून मागच्या गळाच्या दांडीवर कोंबड्याची पांढरी पिसे आणि चमकीचे चार धागे दोऱ्याने आवळून बांधतात, वरून वॉर्निशचा थेंब सोडतात. लुअर थांबला तरी पिसे हलत राहतात, माशाचे लक्ष नेमके टोकाकडे जाते. जरीकाम आणि झालरीचे काम करणाऱ्या हातांना यात नवीन काहीच नाही. श्रीलंका आणि केनियामध्ये पिसे-दोऱ्याचे असे गळ हाताने बांधून परदेशी पाठवण्याचा धंदा बराच जुना आहे.

फिरत्या पात्यांच्या लुअरला एकच टोक असते. मासा शेपूट चावून परत फिरतो, टोकापर्यंत येत नाही. तिथे मुख्य गळाच्या टोकावरून मोठ्या डोळ्याचा दुसरा गळ ओवून मागे सोडतात आणि तो सुटू नये म्हणून रबरी नळीचा एक तुकडा मध्ये बसवतात. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आपल्याकडे याच कामाला आली असती.

आता ज्या बदलाबद्दल शौकिनांमध्ये वाद होतो तो सांगतो. काही जण तीन टोकांचे गळ पूर्ण काढून त्या जागी एक टोकाचे लावतात. त्यांच्या डोळ्याची दिशा वेगळी वळवलेली असते, म्हणजे टोक लुअरच्या रेषेत बसते. काही जण पक्कडीने उलटा काटा दाबून टाकतात. पक्कड टोकाच्या दिशेने धरायची, आडवी धरली तर टोकच मोडते. यामुळे मासा सुटण्याची भीती वाढते, हे खरे. पण एक टोक लवकर निघते, माशाचे डोळे आणि कल्ले वाचतात, आणि मेलेल्या माशामागे वजन कापले जाते तिथे हाही हिशेब आलाच. आम्हाला विचाराल तर, जो मासा परत सोडायचाच आहे त्याला विनाकारण फाडण्यात काय मिळवायचे? आणि जो घरी नेऊन खायचा आहे त्यालाही तळमळत ठेवू नये. बाकी ज्याचे त्याने ठरवावे.

एके काळी हिशेब उलटाच होता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डोवाजॅक गावी जेम्स हेडन या माणसाने लाकडी लुअर बनवायला सुरुवात केली. त्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध लुअरला तीन टोकांचे तब्बल पाच गळ होते, म्हणजे पंधरा टोके! जास्त टोके म्हणजे जास्त मासे, असा त्या वेळचा समज. आजच्या लुअरला दोन, फार तर तीन गळ असतात आणि मासे कमी लागत नाहीत. फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब कोळ्याने 1936 साली चाकूने बुच कोरून, वर चॉकलेटचा चांदीचा कागद आणि वितळवलेल्या फोटोच्या फिल्मचा थर देऊन जो खोटा मासा केला, त्यातही त्याचा भर चालीवर होता, टोकांच्या संख्येवर नव्हता. त्याच रापालाच्या नावाच्या कंपनीने 2000 साली फ्रान्सची व्हीएमसी ही जुनी गळ कंपनी विकत घेतली. लुअरवाल्याला गळवाला घरात घ्यावासा वाटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपला जिताडा

आता कोकणाकडे येऊ. अमेरिकेचा बास आपल्या नद्यांत नाही, आणि ज्याला आशियाई सी बास म्हणतात तो आपला जिताडा त्याच्या कुळातला नाही. पण शिकारीची रीत मिळतीजुळती आहे. तोच आ वासून आमिष आत ओढणारा मोठा जबडा, तीच पाण्याबाहेरची उडी, तीच मान झटकणे. ऑस्ट्रेलियात याच माशाला बॅरामुंडी म्हणतात, आणि तिथले शौकीन नव्या लुअरचे गळ बदलल्याशिवाय पाण्यात टाकत नाहीत. रायगडच्या खाड्यांत आणि पेण-अलिबागच्या तळ्यांत जिताड्याची किंमत काय, हे वाचकांना सांगायला नको. कोकणातील दालदी मच्छीमार बंधूंची गरवण्याची रीत जाळ्याइतकीच जुनी. अलीकडे खाडीकिनाऱ्यावर काठी आणि लुअर घेऊन उभे राहणारे तरुण दिसतात, आणि त्यांच्यासाठी बाहेरून आलेले स्वस्त लुअर बाजारात भरपूर आहेत.

आम्हीही मध्यंतरी मुंबईतल्या एका दुकानातून असा एक लुअर आणला. रंग झकास, डोळा तर जिवंत वाटावा असा. घरी त्याचा गळ स्प्रिंगच्या तराजूला अडकवून ओढला. तराजूच्या काट्याने बेताचे वजन दाखवले आणि गळ सरळ झाला, जणू तो गळ नव्हताच, केस बांधायची पिन होती. जिताड्याने काय केले असते ते समजून घ्यावे. दुकानदाराकडे परत गेलो. तो भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, माल येतो तसा विकतो, गळ कोण बघतो?" आम्ही त्याला तराजू दाखवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा काउंटरवर तराजू टांगलेला होता आणि लुअरच्या शेजारी जाड तारेच्या गळांची पाकिटे आणि कड्यांच्या डब्या होत्या. लुअर घेणाऱ्यांपैकी निम्मे तरी आता गळही घेतात, असे तो म्हणाला.

खाडीसाठी गळ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. खाऱ्या पाण्यात तांबूस रंगाचा साधा गळ दोन दिवसांत गंजतो. कथिलाचा मुलामा असलेला घ्यावा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. दुसरे, जाड गळाच्या वजनाने तरंगणारा लुअर बुडू शकतो. बादली इथेही तीच. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून गळ काढताना हात कल्ल्यात घालू नये. लांब नाकाची पक्कड वापरावी.

आणि शेवटी बोटाबद्दल. गळ बोटात घुसण्याचे प्रकार पाण्यावर होतात तितकेच घरी, कडी उघडताना होतात. उलटा काटा चामडीखाली गेला असेल तर ओढू नये. आधी कडी कापून लुअर आणि दुसरा गळ वेगळा करावा, मोकळी टोके चिंधीने झाकावीत. मग गळाच्या वाकणात मजबूत दोरा घालावा, गळाची दांडी बोटाशी दाबून धरावी आणि दुसऱ्याने दोरा चामडीला समांतर, ज्या वाटेने गळ शिरला त्याच वाटेने, एका झटक्यात ओढावा. हे फक्त उथळ गळासाठी. डोळ्याजवळ, सांध्यावर किंवा खोल शिरलेला असेल तर हात न लावता तडक डॉक्टरांकडे जावे. गळ सहज निघाला तरी जखम धुवून त्याच दिवशी टिटॅनसच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.